टेन रागाज टू अ डिस्को बीट

'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही मुंबईतील वादक चरणजित सिंग यांची इलेक्ट्रॉनिक वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका आहे. तिचे ध्वनिमुद्रण १९८२ मध्ये झाले व ती ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने 'एचएमव्ही' या मुद्रेखाली प्रकाशित केली. हिंदुस्थानी संगीतातील दहा रागांच्या सुरावटी सिंथेसायझरवर वाजवून त्यांना यंत्राच्या साहाय्याने डिस्कोचा ठेका देणे, अशी तिची कल्पना होती. प्रकाशनाच्या वेळी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या लहान, स्वतंत्र डच ध्वनिमुद्रिका-संस्थेने तिचे पुनर्प्रकाशन केल्यानंतर मात्र ती जगभर गाजली. अमेरिकेतील शिकागो शहरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या 'ॲसिड हाउस' या नृत्यसंगीतप्रकाराशी तिचे ध्वनिसाम्य चकित करणारे आहे. त्यामुळे या प्रकाराचा उगम मुंबईत झाला काय, असा प्रश्न तिच्या निमित्ताने विचारला गेला.

पार्श्वभूमी

भारतात विद्युत ध्वनिनिर्मितीचे प्रयोग या ध्वनिमुद्रिकेच्या बरेच आधी सुरू झाले होते. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर असलेली एक ध्वनिशाळा उभारण्यात आली. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे १९७२ पर्यंत प्रयोग केले. गीता साराभाई यांनी १९४० च्या दशकात न्यूयॉर्क येथे जॉन केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून दिला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. या ध्वनिशाळेतील फिती पुढे संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रथमच ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रकाशित झाल्या. म्हणजे निर्मितीनंतर अर्धशतकाने त्या सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या.

अहमदाबादचे प्रयोग संस्थेच्या चार भिंतींत राहिले, तर मुंबईत इलेक्ट्रॉनिक वाद्ये चित्रपटसंगीताच्या दाराने आली. १९७० च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात मूग सिंथेसायझरचा वापर रूढ केला. शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रातही यंत्राचा प्रवेश याच सुमारास झाला. बंगळूर येथील जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. दहा रागांची ही ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा 'डिस्को' हा शब्द शहरांत सर्वतोमुखी झाला होता. 'कुर्बानी' (१९८०) या चित्रपटातील बिद्दू यांनी संगीत दिलेले, नाझिया हसन यांनी गायिलेले गीत, त्यानंतरची 'डिस्को दीवाने' ही ध्वनिमुद्रिका आणि १९८२ चा 'डिस्को डान्सर' हा चित्रपट यांनी तो घरोघरी नेला.

चरणजित सिंग

चरणजित सिंग (जन्म १९४०, मृत्यू जुलै २०१५, मुंबई) हे हिंदी चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत अनेक वर्षे वाजवीत असत. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल आदी संगीतकारांकडे त्यांनी गिटार, बेस गिटार व कळफलकाची विविध वाद्ये वाजविली. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) या चित्रपटातील 'दम मारो दम' या गाण्यात जो धुंद, अखंड गुंजणारा स्वर ऐकू येतो, तो त्यांनी ट्रान्झिकॉर्ड या विद्युत अकॉर्डियनवर वाजविलेला आहे. हे गाणे ऐकलेल्या कोट्यवधी श्रोत्यांना वादकाचे नाव ठाऊक नव्हते. त्या काळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रिकांवर गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे छापली जात. वाद्यवृंदातील वादकांची नावे क्वचितच दिसत. ध्वनिमुद्रणाच्या पाळीप्रमाणे मानधन घ्यावे आणि घरी जावे, असा हा व्यवसाय होता. लॉर्ड कुटुंबातील वादकांवर रुद्रदीप भट्टाचार्जी यांनी केलेला 'द ह्यूमन फॅक्टर' हा माहितीपट या अनामिकतेचे चांगले दर्शन घडवितो.

चित्रपटगीतांच्या वाद्यधुनींच्या काही ध्वनिमुद्रिका सिंग यांच्या नावावर होत्या. अशा ध्वनिमुद्रिकांना त्या काळी बऱ्यापैकी मागणी असे. 'टेन रागाज' मध्ये मात्र चित्रपटातील एकही चाल नाही. लोकप्रिय गीताचा आधार सोडून त्यांनी थेट रागाचा आधार घेतला, हेच या कामाचे पहिले वेगळेपण होय.

वाद्ये

ध्वनिमुद्रिकेतील सर्व वादन सिंग यांनी एकट्याने केले. त्यासाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची त्या वेळी अगदी नवी असलेली तीन यंत्रे वापरली. ती त्यांनी सिंगापूर येथून विकत घेतली होती. परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध व भारी जकात असलेल्या त्या काळात एका भारतीय वादकाकडे ही तिन्ही यंत्रे एकत्र असणे विरळाच होते.

ज्युपिटर-८ हा १९८१ मध्ये बाजारात आलेला, एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा सिंथेसायझर होय. रागाची मुख्य सुरावट त्यावर वाजविलेली आहे. टीआर-८०८ हे १९८० मधील तालयंत्र; ढोल, टाळी, झांज यांसारखे आघात ते विद्युत मंडलांतून निर्माण करते. तिसरे यंत्र टीबी-३०३. त्याच्या नावातील 'टीबी' ही अक्षरे 'ट्रान्झिस्टर बेस' या शब्दांची आहेत. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी, एवढ्याच हेतूने ते बनविले गेले. त्या कामी ते फारसे उपयोगी पडले नाही. त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता आणि त्यात स्वर भरण्याची पद्धतही किचकट होती. १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन बंद झाले.

तथापि, या अपयशी यंत्राच्या दोन गुणांवर पुढील सारा इतिहास उभा आहे. एक म्हणजे त्यातील गाळणी. तिच्या कळी फिरविताच आवाज गढूळ, टोकदार किंवा ओल्या फरशीवर रबर घासल्यासारखा चिरका होत जातो. दुसरा गुण म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सरकत जाण्याची सोय. भारतीय कानाला ही हालचाल तत्काळ ओळखीची वाटते, कारण ती मींडेची दूरची नातलग आहे. सिंग यांनी टीबी-३०३ आणि टीआर-८०८ एकमेकांना जोडून समलयीत चालविली आणि रागाचे स्वर बेसच्या वेगवान, पुन:पुन्हा फिरणाऱ्या आकृतिबंधात भरले. वरती ज्युपिटर-८ वर आलापसदृश सुरावट आणि खाली न थकणारे यंत्र, अशी बहुतेक ध्वनिपटांची मांडणी आहे.

रागांची निवड आणि मांडणी

ध्वनिमुद्रिकेत ललत, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, भूपाली, कलावती, मालकंस, बैरागी इत्यादी दहा राग असून प्रत्येकाला साधारणत: पाच मिनिटे मिळाली आहेत. यांतील भूपालीबाबत मराठी वाचकाचा घोटाळा होणे शक्य आहे. पहाटे म्हटली जाणारी 'भूपाळी' हा भक्तिगीताचा प्रकार आहे. भूपाली अथवा भूप हा राग मात्र रात्रीच्या पहिल्या प्रहराचा मानला जातो.

दहापैकी भूपाली, कलावती, मालकंस व बैरागी हे चार राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. मेघ मल्हारचे मेघ या नावाने प्रचलित असलेले रूपही पाच स्वरांचेच आहे. ही निवड सोयीची होती असे म्हणता येईल. पाच स्वरांचा राग त्याच्या स्वरसंचावरूनच पटकन ओळखू येतो आणि यंत्रात भरलेल्या ठरावीक आकृतिबंधातही त्याचे रूप बरेचसे टिकते. मालकंसात ऋषभ व पंचम नाहीत. त्यांच्या अभावामुळेच रागाचा गंभीर भाव उभा राहतो आणि तो अभाव यंत्रही पाळू शकते. तोडीचे तसे नाही. तोडीतील कोमल गंधार हा नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा किंचित उतरलेला लावला जातो, अशी गायकांची धारणा आहे. सप्तकाचे बारा समान भाग केलेल्या कळफलकावर तो सापडत नाही. ललतात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. गळ्यातून ते एकमेकांत विरघळतात, तर कळफलकावर शेजारी शेजारी उभे राहतात.

हा आक्षेप नवा नाही. संवादिनी अर्थात पेटीवरही तोच घेतला गेला होता. पेटीला मींड येत नाही व श्रुती दाखविता येत नाहीत, या कारणांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली व ती १९७१ पर्यंत टिकली. याच पेटीला महाराष्ट्रातील संगीत रंगभूमीने जवळ केले होते आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. परकीय वाद्यावर राग वाजू शकतो की नाही याचा निवाडा अखेर वादकाच्या हातांनी केला, असा हा पूर्वानुभव आहे. सिंग यांच्या वादनात स्वर वाकविण्याची सोय वापरून मींडेचा आभास निर्माण करण्याचा प्रयत्न जागोजागी आढळतो. तो सर्वत्र सारखा यशस्वी नाही. मधुवंती व मालकंसात तो सहज वाटतो. द्रुत जागी कळफलकाचा कोरडेपणा लपत नाही.

तालाच्या बाबतीत ध्वनिमुद्रिकेने परंपरेशी अधिक मोठी फारकत घेतली आहे. टीबी-३०३ मधील एक आकृतिबंध जास्तीत जास्त सोळा पायऱ्यांचा असतो आणि त्रितालाच्या मात्राही सोळाच आहेत. परंतु हे साम्य केवळ संख्येचे आहे. त्रितालात सम आहे, खाली आहे. आवर्तन पुढे सरकत असताना श्रोत्याला आपण कोठे आहोत याचे भान असते आणि समेवर येण्याची ओढ असते. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक आघात सारख्याच वजनाचा पडतो. तेथे खाली नाही, त्यामुळे समेची वाट पाहणेही नाही. तबला जाणीवपूर्वक दूर ठेवून हा ठेका घेतल्यामुळे रागाचा विस्तार दिशाहीन होतो, असे कोणी म्हणू शकेल. मात्र हीच स्थिरता ऐकणाऱ्याला एक प्रकारच्या गुंगीत नेते, असेही म्हणता येते आणि ध्वनिमुद्रिकेचे आजचे चाहते याच गुणासाठी ती ऐकतात.

रागसमयाचा विचारही येथे बाजूला राहिला आहे. पहाटेचा ललत, सकाळची तोडी, तिसऱ्या प्रहरानंतरची मधुवंती आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच तबकडीवर, एकाच ठेक्यावर आलेले आहेत.

प्रकाशन आणि पहिले स्वागत

ध्वनिमुद्रण दोन दिवसांत पूर्ण झाले. काही भाग आकाशवाणीवरून प्रसारितही झाले. परंतु विक्री नगण्य राहिली. याची कारणे शोधणे कठीण नाही. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ठेका रुचण्यासारखा नव्हता आणि डिस्कोच्या श्रोत्याला गाणे हवे होते. शिवाय १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वस्त कॅसेटींनी बाजाराचे रूप पालटण्यास सुरुवात केली होती. मोठ्या तबकडीच्या रूपात निघालेल्या, कोणत्याही ठरलेल्या कप्प्यात न बसणाऱ्या वाद्यसंगीतास त्यात जागा मिळणे अवघडच होते. सिंग यांनी या दिशेने पुन्हा प्रयत्न केला नाही आणि ते आपल्या नेहमीच्या कामाकडे वळले.

पुनर्शोध

एडो बाउमन या डच संग्राहकास २००२ मध्ये दिल्लीतील एका दुकानात या तबकडीची एक प्रत मिळाली. जुन्या हिंदी चित्रपटसंगीताचा शोध घेत ते भारतात फिरत असत. पुढे त्यांनी मुंबईत सिंग यांना शोधून काढले आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेतर्फे तिचे पुनर्प्रकाशन केले. मूळ प्रकाशक ही देशातील सर्वांत मोठी ध्वनिमुद्रिका-कंपनी होती. पुनर्प्रकाशक मात्र मोजक्या ध्वनिमुद्रिका काढणारी, मुख्यत: एका व्यक्तीच्या आवडीवर चालणारी संस्था होती. प्रायोगिक व इलेक्ट्रॉनिक संगीताच्या क्षेत्रात अशा लहान स्वतंत्र संस्थांचे महत्त्व असामान्य आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'वॉर्प' या संस्थेने २००९ मध्ये आपल्या विसाव्या वर्धापनदिनानिमित्त अनेक देशांत संगीताचे कार्यक्रम केले, त्यावरून अशा संस्थांभोवती जमणाऱ्या श्रोतृवर्गाची कल्पना येते. 'टेन रागाज' ला दुसऱ्यांदा मिळालेला श्रोता नेमका हाच होता.

या श्रोत्यांचा पहिला प्रतिसाद अविश्वासाचा होता. १९८२ मध्ये मुंबईत असे संगीत झाले असेल, हेच अनेकांना पटेना. वॉर्पशी संबंधित असलेला 'एफेक्स ट्विन' हा खोड्यांसाठी प्रसिद्ध असलेला ब्रिटिश संगीतकार टोपणनावाने थट्टा करीत असावा, अशी वदंता पसरली. मूळ तबकडी अस्तित्वात होती आणि वादक मुंबईत हयात होते, त्यामुळे ही शंका टिकली नाही. ती शंका घेतली गेली, यातून मात्र संगीताच्या इतिहासात कोणत्या शहरांकडून नावीन्याची अपेक्षा केली जाते आणि कोणत्या शहरांकडून केली जात नाही, हे पुरेसे स्पष्ट झाले.

'पहिली' असण्याचा दावा

ॲसिड हाउस या प्रकारातील आद्य ध्वनिमुद्रिका म्हणून सामान्यत: शिकागोतील 'फ्यूचर' या गटाच्या 'ॲसिड ट्रॅक्स' चे नाव घेतले जाते. ती १९८७ मध्ये 'ट्रॅक्स रेकॉर्ड्स' या स्वतंत्र संस्थेने प्रकाशित केली. उत्पादन बंद झाल्यामुळे जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे टीबी-३०३ घेऊन, त्याच्या कळी वादन चालू असतानाच फिरवून या तरुणांनी तो चिरका, वळवळणारा आवाज नृत्यसंगीताच्या केंद्रस्थानी आणला. सिंग यांचे काम त्याच्या पाच वर्षे आधीचे आहे. टीबी-३०३ चा आवाज ठळकपणे वापरणाऱ्या अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत त्याची गणना निश्चितपणे करावी लागते.

तथापि, आधी असणे आणि उगम असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिकागोतील वादकांनी ही तबकडी ऐकली असल्याचा कोणताही पुरावा नाही. दोन ठिकाणी एकच यंत्र पोहोचले व त्याच्या अंगभूत गुणांनी दोन्हीकडे सारखा ध्वनी उमटला, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक आहे. ध्येयेही वेगळी होती. शिकागोच्या रचनांत सुरावट जवळजवळ नाही. आवाजाच्या पोताचे बदल हाच तेथील आशय आहे. सिंग यांच्याकडे पोत दुय्यम असून रागाची सुरावट प्रमुख आहे. 'मुंबईने ॲसिड हाउसचा शोध लावला' हे विधान अभिमानास सुखावणारे असले, तरी इतिहास म्हणून ते टिकत नाही.

याच्या उलट टोकाचे मतही तितकेच सदोष आहे. पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून सिंग यांनी हे सारे 'चुकून' केले, असे मथळे झळकले. रागांची निवड, तबला वगळण्याचा निर्णय, दोन यंत्रांची जुळणी आणि प्रत्येक रागासाठी बेसचा स्वतंत्र आकृतिबंध यांपैकी काहीही चुकून घडलेले नाही. पुढे एका परक्या प्रकाराशी त्याचे साम्य निघाले, एवढाच भाग योगायोगाचा आहे.

अखेरची वर्षे आणि मंचीय प्रयोग

पुनर्प्रकाशनामुळे सिंग यांना सत्तरीनंतर परदेशातून निमंत्रणे येऊ लागली. युरोपातील महोत्सवांत व नृत्यगृहांत त्यांनी या ध्वनिमुद्रिकेतील रागांचे प्रत्यक्ष वादन केले. समोरचा श्रोतृवर्ग बहुधा त्यांच्या नातवंडांच्या वयाचा असे. आयुष्यभर पडद्यामागे वाजविणाऱ्या वादकास स्वत:च्या नावावर जमलेली गर्दी पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. जुलै २०१५ मध्ये मुंबई येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ब्रिटन व अमेरिकेतील संगीतविषयक नियतकालिकांनी त्याची दखल घेतली.

महाराष्ट्रातील विद्युत वाद्ये

ही ध्वनिमुद्रिका विस्मृतीत असताना विद्युत वाद्ये मात्र महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचली. रोलँड कंपनीनेच १९८५ मध्ये आणलेले 'ऑक्टोपॅड' हे आघातवाद्य ऑर्केस्ट्रांत, भजनी मंडळांत व लग्नसमारंभांत रुळले. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावांतही हळदीच्या रात्री किंवा गणपतीच्या मिरवणुकीत कळफलक, ऑक्टोपॅड आणि बेंजो यांचा संच ऐकू येतो. या बेंजोचे मूळ जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये बनविलेल्या 'ताइशोगोतो' या वाद्यात आहे. भारतात ते बुलबुलतरंग म्हणून परिचित झाले आणि विजेची जोड मिळाल्यावर मिरवणुकीच्या गदारोळातही ऐकू जाऊ लागले. मुंबईच्या प्रयोगाशी या वादकांचा थेट संबंध नाही; पण परदेशी यंत्रातून ओळखीची चाल काढण्याची खटपट दोन्हीकडे एकच आहे. शेजारच्या पालघर जिल्ह्यासह या डोंगराळ पट्ट्यात दुधी भोपळा व बांबूपासून बनविलेल्या तारप्यावर वारली वादक श्वास न तोडता रात्रभर नाच चालू ठेवतात. न थांबणाऱ्या, फिरत्या आकृतिबंधावर नाचण्यासाठी येथील लोकांना तालयंत्राची वाट पाहावी लागली नव्हती.